लोखंडी खोक्यातला जावई

प्रिय आई,

तर सगळ्यात आधी उतरली ती लांब मानेची बाई. विमानाचा जिना नीट टेकलाही नव्हता, तोवर ही दारात उभी, मान पुढे काढून गाव न्याहाळतेय. माझ्या शेजारी अमारुक उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, करकोचा आला. म्हणजे उन्हाळा लागला म्हणायचा." नोव्हेंबर महिना, आणि याला उन्हाळा सुचतोय. मी त्याला कोपर मारलं, पण नाव चिकटायचं ते चिकटलंच. संध्याकाळपर्यंत पोरंटोरंही तिला करकोचाच म्हणायला लागली. तिच्या मागून मिशाळ उतरला. त्याला तू ओळखतेस, दर वर्षी हेलिकॉप्टर घेऊन अस्वलं मोजायला येतो तोच. आणि शेवटी आपला लुई, दुभाष्या. पलीकडच्या मोठ्या गावात नोकरी काय लागली, उतरल्या उतरल्या मला विचारतो, "कशा आहात आपण?" मी म्हटलं, "तुझं नाक पुसायचे तेव्हा होते तशीच आहे." त्यावर तो इकडेतिकडे बघायला लागला, पाहुण्यांना कळलं की काय म्हणून.

आज निघणार होते, पण वारा सुटलाय आणि वैमानिक नाही म्हणतोय. म्हणून करकोचा आत्ता माझ्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसलीय. तिच्याचबरोबर हे पत्र पाठवतेय. तुम्ही दोघी एकाच प्राणिसंग्रहालयात, ती डॉक्टरीण आणि तू मासे कापणारी, तेव्हा तुझ्या हातात पडायला उशीर व्हायचा नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू रडतेस आणि मग मला बोलायचं ते राहून जातं. कागद रडत नाही. तिला आपली अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून तिच्या नाकासमोर तिची नालस्ती लिहितेय. मधूनच ती वर बघून हसते. मीही हसते. आपली ही अक्षरं मला तूच शिकवलीस, म्हणजे आधीची तू, म्हातारी तू. शाळेत मी एकच हिवाळा गेले आणि तिथलं सगळं विसरायचा मी इतका प्रयत्न केला की बेरीजही विसरले. पण तू दिव्याच्या काजळीने सीलच्या कातड्यावर काढून दाखवलेली अक्षरं नाही विसरले.

करकोच्याने विचारलं की पत्र कुणाला. मी लुईमार्फत सांगितलं, आईला. ती म्हणाली, "तुमच्या आई अजून आहेत? केवढ्या असतील." मी म्हटलं, "तेवीस." लुईला समजावून सांगायला लागलं. माझी आई उविलुक गेली, पुढच्या वसंतात तू झालीस, मी तुझ्या कानात उविलुक म्हटलं आणि तू रडायची थांबलीस. तेव्हापासून मी तुला आई म्हणते, तुझा बाप तुला आज्जी म्हणतो, आणि तू दुडुदुडु चालायला लागलीस तेव्हापासून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायचीस, "पोरी, जेवलीस का?" तिने हे सगळं मान वाकडी करून ऐकलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की नाव दगडावर कोरून उन्हापावसात ठेवून देतात म्हणे. आपल्याकडे नाव पुढच्याच्या अंगावर घालतात, थोरल्याचा अंगरखा धाकट्याला घालतात तसं. उबेला उपयोगी पडतं.

आता राग. कुठून सुरू करू ते कळत नाही, म्हणून समुद्रापासून करते. समुद्र अजून उघडाच आहे. खिडकीतून बघतेय, काळं पाणी, त्यावर लापशीसारखा चिखलबर्फ, सकाळी जमतो आणि दुपारी वारा मोडून टाकतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा या दिवसांत आम्ही कुत्री जोडून बर्फावरून खाडीपलीकडे जायचो, आणि अस्वलं केव्हाच सीलच्या मागे लांब गेलेली असायची. आता ती किनाऱ्यावर बसून राहतात, विमानतळावर माणसं बसतात तशी, बर्फ कधी येतो याची वाट बघत. बर्फ नाही तर सील नाही. सील नाही तर चरबी नाही. मग समुद्रातलं शेवाळ खा, पक्ष्यांची अंडी खा, बेरी खा, आणि तेही संपलं की गावाकडे या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याविषयी वाईट बोलायचं नसतं, ती ऐकतात, हे तूच मला शिकवलंस. उपाशी पाहुणा दार ठोठावणारच. या वर्षी पोरांचा मुखवट्यांचा सणसुद्धा शाळेच्या मोठ्या खोलीत कोंडून केला, कारण रस्त्यावरून पोरं खाऊ मागत फिरली असती आणि त्यांच्या मागून आणखी कोणीतरी.

तुझा बाप उन्हाळा संपल्यापासून झोपलेला मी पाहिला नाही. अस्वलराख्याचं काम म्हणजे सगळे घरात असताना आपण बाहेर. चार चाकी गाडीवरून गावाभोवती घिरट्या घालायच्या, कुणी आलं की फटाक्याची गोळी उडवायची. पण आवाज चावत नाही हे आता अस्वलांना कळलंय. तुलुगाक म्हणतो, "आई, ती माझ्याकडे अशी बघतात जसा मी बाबांकडे बघायचो, ते कुत्र्यांना ओरडायचे तेव्हा. झालं का ओरडून, असं."

त्यातलीच एक होती ती. पाठीवर हिरवा आकडा, बरोबर एक पिल्लू. हा आकडा मिशाळाने घातला होता. हिवाळा लागायच्या आधी त्याने हेलिकॉप्टरमधून तिला झोपेची सुई मारली, दात बघितले, कानात बिल्ला टोचला आणि पाठीवर रंगाने आकडा काढला, म्हणजे म्हणे तिला दोनदा मोजायला नको. दूध पाजणारी बाई. लेकरू बाजूला बसून ओरडतंय, आणि हे तिच्या ओठाखाली बोट घालून दात बघतायत. आपण कधी मोजत नाही, त्यामुळे आपल्याकडून कोणी दोनदा मोजलंही जात नाही. त्या आकड्याने ती गावात ओळखू यायला लागली, पोरं लांबून आकडा वाचायची. मला ते बघवायचं नाही. कोणाच्याही पाठीवर लिहिलेलं मला बघवत नाही.

त्या दिवशी मी घरात कातडं ताणून चरबी खरवडत बसले होते. दुपार कलली होती, दिवा लावायचा होता. पडवीचं दार मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं अमारुक घसरला. मग वास आला. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तो गोडसर वास, तू आठव, तू मला सांगायचीस ना, दुष्काळी हिवाळ्यात तुमच्या अख्ख्या तळाला तो वास यायचा. आतल्या दाराच्या फटीतून तिचा श्वास येत होता. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "बाई, आज नुसतं कातडं आहे. मांस शेजाऱ्यांत वाटून टाकलं. दमली असशील, पण इथे बसू नको, बाहेर माझा मुलगा कामावर आहे." तिने ऐकलं. श्वास थोडा थांबला. पण गेली नाही. शाळा सुटलेली, पोरं त्याच रस्त्याने येत होती. तुलुगाकने फटाके उडवले, गाडीचा भोंगा वाजवला, शिव्या सोडून सगळं केलं. मग बंदूक.

संध्याकाळी त्याने मला विचारलं, "आई, ती आत आली असती का?" मला माहीत नाही, आई. मी हो म्हटलं.

मी तिच्या डोक्याशी माझी सुईची नळी आणि थोडा तंतू ठेवला, बाईमाणूस होती म्हणून. पुरुष असता तर सुरी ठेवली असती. तर कायद्याचा माणूस येऊन म्हणाला की कातडं आणि डोकं सरकारचं, हा जीव गावाला शिकारीसाठी ठरवून दिलेल्या वाट्यातून वजा, आणि मांस कुणी खायचं नाही, कारण तिच्या अंगात झोपेचं औषध आहे. म्हणजे आधी हे तिला विष टोचणार, आणि मग आम्हाला सांगणार की विषारी आहे. आपण होऊन दाराशी आलेली पाहुणी, अख्खी, आणि तिचा एक घास कुणाच्या तोंडी लागला नाही. कचऱ्याच्या ढिगावर तेल ओतून जाळलं. धूर दिवसभर गावावर होता. अमारुक टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आता कोणतं अस्वल आपल्याकडे तोंड करेल?" मी इतक्या वर्षांत इतकी रागावले नव्हते. माझ्या नवऱ्याला, नाउयाकला, समुद्राने नेलं तेव्हाही नाही, कारण तेव्हा रागावायला समोर कोणी नव्हतं. नोव्हेंबरचा बर्फ. त्याने भाल्याच्या दांड्याने ठोकून बघितला होता, बर्फाचा आवाज त्याला माझ्या आवाजापेक्षा जास्त कळायचा. जुन्या बर्फाचा आवाज देऊन नवा बर्फ खोटं बोलला. बर्फगाडी सापडली, तो नाही.

पिल्लू राहिलंच सांगायचं. म्हणजे तुला सांगितलंय मी फोनवर, पण ते हसत सांगितलं, सगळं नाही. आई पडली आणि पिल्लू तिथेच, तिच्या पोटाशी. मोठ्या कुत्र्याएवढं, नुसती हाडं आणि केस. डावा कान फाटलेला. कायद्याचा माणूस म्हणाला, "एवढं लेकरू एकटं जगत नाही. उपाशी मरण्यापेक्षा आत्ताच संपवा." खरं बोलला तो. तुझ्या बापाने परत बंदूक उचलली. आणि मी पडवीतून बघत होते, हातात अजून चरबी, तर ते पिल्लू शिंकलं. एकदा नाही, लागोपाठ. आणि पंजाच्या मागच्या बाजूने नाक असं खालून वर पुसलं, आणि मग पंजाकडे बघत बसलं. नाउयाक तस्साच करायचा. जेवताना करायचा, लग्नाच्या दिवशी केलं, पाद्रीबाबा समोर उभे असताना केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, नाउयाक, केवढा वाळलास."

झालं. तोंडातून नाव गेलं की परत घेता येत नाही, हे मी तुला काय सांगू. तुलुगाकने बंदूक खाली केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग पिल्लाकडे, आणि म्हणाला, "बाबा?" कायद्याचा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा आहे, आज्जीच्या हातचं खाऊन वाढलेला. त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "म्हातारे, थोडं थांबता आलं नाही का तुला?" नाही आलं. किती हिवाळे ते नाव उघड्यावर फिरत होतं. कुणाच्या घरी मुलगा होईल म्हणून मी वाट बघत होते, तुझ्याकडेही बघत होते, बोलले नाही एवढंच. दुसऱ्या कुणाच्या घरी झाले त्यांना दुसऱ्या मेलेल्यांची नावं लागली. आता अस्वलाला नाव देतात का, तर कुत्र्यांना देतात, मग चार पायांचंच मोजायचं तर हाही चारच पायांचा.

आणि आई, कसं सांगू तुला, रागाच्या मध्ये इतका आनंद झाला मला. जहाजातून सामान येतं ना, तसला एक रिकामा लोखंडी खोका शाळेमागे होता, त्याच्या दाराला जाळी ठोकून त्याला आत ठेवला. पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसला, रुसला की बसायचा तसा. मग सीलची चरबी दिली. बोटं चाटली माझी, हातमोज्यासकट. अख्खं गाव काहीबाही घेऊन येतंय, माशांची डोकी, कॅरिबू हरणांची हाडं, आणि येतंय ते त्याला बोलायला. अमारुक रोज दुपारी जाळीसमोर बादली उपडी घालून बसतो आणि म्हणतो, "नाउयाक, पत्त्यात फसवलंस ते कबूल कर, नाहीतर आजचा मासा नाही." तो पाठ फिरवतो. अमारुक म्हणतो, "बघा, तोच आहे." तुझा बाप सगळ्यांत शेवटी जातो, सगळे गेल्यावर. काय बोलतो माहीत नाही. पण पिल्लाची आई त्याने मारली, आणि तो पिल्लाला बाबा म्हणतो. या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात कशा राहणार. जेवण निम्मं ठेवून उठतो.

तर मग हे आले. मी सगळ्यांना घरी बोलावलं, कॅरिबूचा रस्सा केला, गोठलेला मासा जमिनीवर पुठ्ठा घालून मांडला. करकोच्याने न सांगता सुरी घेतली आणि पातळ काप काढून कच्चा खाल्ला. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखी राग आला. मी लुईला मिशाळाला विचारायला सांगितलं, की दूध पाजणाऱ्या आईला सुई मारताना तुझ्या आईची आठवण नाही का झाली तुला. हे मी पुष्कळ वेळ बोलले, लेकराचं ओरडणं, दात, धूर, सगळं. लुई इंग्रजीत इवलंसं काहीतरी म्हणाला. मिशाळाने हसून मान डोलावली. मी लुईला म्हटलं, "मी बादलीभर ओतलं, तू चमचाभर दिलंस. हसला कसा तो?" लुई म्हणतो, "काकू, मी म्हटलं की तुम्हाला काळजी वाटते." काळजी. मी हातमोजा काढून त्याच्या डोक्यात मारला. म्हटलं, "काळजी वाटते तेव्हा मी चहा करते. हा राग आहे. राग सांग." करकोचा तोंडावर हात ठेवून हसली. तिला शब्द नाही, पण हातमोजा कळला.

मग लुईने सांगितलं. मिशाळ म्हणाला, बर्फ कमी झालाय, अस्वलं वाळतायत, पिल्लं जगत नाहीत, आणि हे मोजून दाखवलं नाही तर दक्षिणेतले मोठे लोक मानत नाहीत. मी म्हटलं, "बर्फ कमी झालाय हे सांगायला तू एवढं तेल जाळत आलास? धुराडी तुमची आणि पाणी झालं आमचं. माझा नवरा त्या पाण्यात आहे. त्याला मोजलंस का?" हे लुईने जसंच्या तसं सांगितलं, मला त्याच्या आवाजावरून कळलं. मिशाळाने टोपी काढली. वाईट माणूस नाही तो, आणि मला जास्त राग त्याचाच येतो. वाईट असता तर घराबाहेर काढला असता आणि शांत झोपले असते.

मग करकोचा बोलली. नाउयाकला शहरात नेऊ, तुमच्या प्राणिसंग्रहालयात. थंड पाण्याचं तळं आहे, आणखी दोन अनाथ पिल्लं आहेत, रोज मासे. मी विचारलं, मोठा झाल्यावर परत आणाल ना. तिने मान हलवली. माणसाच्या हातून खाल्लेलं अस्वल परत सोडत नाहीत, ते सरळ गावातच येतं. मी विचारलं, मग काय करेल तो तिथे. ती म्हणाली, जगेल. खूप वर्षं जगेल. लोक काचेतून बघतील आणि त्यांना कळेल की इथे काय चाललंय. आई, नाउयाक. ज्याला हे सरकारी घर दिलं तेव्हा तो पहिला आठवडा बाहेर तंबूत झोपला, भिंती फार जवळ आहेत म्हणून. तो काचेत. आणि लोकांना कळावं म्हणून. त्यांना अजून कळलं नाही, आणि ते शिकवायचं कोणी, तर माझ्या नवऱ्याने, काचेत बसून. मी उठून भांडी घासायला लागले, नाहीतर पुठ्ठ्यावरची सुरी मी उचलली असती.

ते गेल्यावर अमारुक आला. म्हणाला, "वहिनी, सरळ दार उघडू. जायचं तिथे जाईल. मेला तर बर्फाची वाट बघत मरेल, अस्वलासारखा. काचेपेक्षा बरं." मला पटलं. खरं सांगते, पटलं. काल सकाळी उजाडता उजाडता मी एकटी गेले. कडीवर हात ठेवला. माझ्या पावलांचा आवाज ओळखून तो आधीच जाळीशी येऊन बसला होता. मी दोन पावलं मागे गेले, तर तो उभा राहिला. पुढे आले, तर बसला. आणि मला कळलं की दार उघडलं तर तो समुद्राकडे जाणार नाही. तो माझ्या मागे येणार. थेट घरापर्यंत, मोडलेल्या पडवीपर्यंत. आज लहान आहे, पुढच्या वर्षी तेवढाच मोठा असेल जेवढी ती होती. शाळा सुटलेली असेल, पोरं रस्त्यावर असतील, आणि कामावर तुझा बाप असेल. माझ्या मुलाला मी एका हिवाळ्यात या पिल्लाची आई मारायला लावली, हो, मी ते कातडं आधी पडवीत ठेवलं नसतं तर ती आली नसती, हे मी कुणाला बोलत नाही. त्याला मी पुढच्या हिवाळ्यात बाप मारायला लावणार नाही. कडीवरचा हात काढला. जाऊ दे काचेत. मी करकोच्याला हो म्हटलं, आणि हो म्हणताना माझा चेहरा असा होता की तिने दोनदा विचारलं, नक्की का.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ही बाई आली तेव्हा जाळीपाशी जायच्या आधीच तिने लुईला विचारलं, डावा कान भरत आलाय का. घरी आली तर माझ्या कपात न विचारता तीन चमचे साखर घातली. आणि नाउयाक हे नाव तिने घशातून म्हटलं, लुईला जमत नाही तसं, जणू कुणीतरी तिच्यासमोर बसून तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंय. मला आधी वाटलं गावातल्या कुणीतरी चहाडी केली. दोन दिवस मी सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघितलं, बिचाऱ्या अमारुकला तर जेवायलाही विचारलं नाही. मग आठवलं. नाव दिलं त्या संध्याकाळी मी तुला फोनवर सांगितलं, आणि तू म्हणालीस, "पोरी, मी बघते काहीतरी." हे बघितलंस होय. माझ्या नवऱ्याला पिंजरा तू धाडलास. राग इतका आला की कागद घेऊन बसले, की आता हिला असं सुनावते की शहरात ऐकू जाईल. आणि वर लिहिलं, प्रिय आई. आता आईला कसं सुनावू. जन्मात तुझ्यासमोर आवाज चढवला नाही, आधीच्या तुझ्यासमोरही नाही. म्हणून सगळ्या जगावर रागावले, बघ, चार पानं झाली. आणि लिहितालिहिता कळलं की तू नसतीस बोललीस तर त्या दिवशी उचललेली बंदूक आज ना उद्या पुन्हा उचलावीच लागली असती. आईला कळतं ते लेकीला उशिरा कळतं. तरी राग आहे. तो राहू दे, तो तुझ्यावरचा नाही.

तेव्हा सांगते ते ऐक, आज्ञा नाही, मागणं आहे. पिंजऱ्याबरोबर तू ये. माझा नवरा म्हणजे तुझा जावई. जावई दूरच्या गावी निघाला तर सासूने न्यायला यावं, परक्यांच्या हाती पाठवू नये. विमानात मागे सामानाबरोबर अंधारात ठेवतील त्याला, तिथे त्याच्याजवळ बस आणि आपल्या भाषेत बोल, काहीही बोल, मला आवडत नाहीत त्या लोकांची नावं घे, ते ऐकून तो नेहमी खूश व्हायचा. तिथे त्याच्या पाठीवर कुणाला काही लिहू देऊ नको. आणि इथे उतरलीस की आधी तुझ्या बापाकडे जा, माझ्याकडे नंतर. तू त्याची आज्जी आहेस, तुझ्यासमोर तो रडला तर त्याला लाज वाटणार नाही. माझ्यासमोर रडत नाही. मी रस्सा करून ठेवते. करकोचा आता उठून अंगरखा चढवतेय, वैमानिक हो म्हणालाय वाटतं. ते पिंजरा घेऊन गुरुवारी परत येणार आहेत, वारा पडला तर.

तुझीच लेक,
इगुताक